पाहुण्याची पाहणी

देवरी, दि. ६ मे
(ऊन पंचेचाळीस, लाइन सकाळपासून तीनदा गेली)

श्रीयुत केवलरामभाऊ इवाई यांस,
देवरीहून खुशालचा सप्रेम जयभीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? तुम्ही सांगितलेले तेल मी महिनाभर लावले. गुडघ्याला फरक नाही, पण पँटीला जो डाग पडला तो अजून गेला नाही. उन्हाळी धान निघाले काय? इटियाडोह धरणाचे पाणी यंदा शेवटपर्यंत पुरले असे ऐकले, बरे वाटले. इहीनबाईंची शुगर कमी झाली असेल अशी आशा आहे. (झाली नसेल हे मला माहीत आहे, लाडवाचा डबा कुठे ठेवतात ते तुमच्या सुनेने, म्हणजे आमच्या अल्कानेच सांगितले आहे, पण पत्रात आशा लिहावी लागते.) जावई संघदीपला आशीर्वाद. अल्काला सांगा, तिची आई ठणठणीत आहे, आवाज तिकडपर्यंत येतच असेल.

आता तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना या माणसाने पत्र काऊन लिहिले? तर तुमचा फोन कायम स्पीकरवर राहतो. तिकडे इहीनबाई ऐकून राहतात, इकडे अल्काची आई ऐकून राहते, आणि बोलणारे आपण दोघे फक्त 'हो जी, हो जी' करतो. (तुमचा डावा कान बंद आहे हे सोयरिकीच्या वेळी आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पण जाऊ द्या, आम्हीही बरेच काही सांगितले नव्हते.) म्हणून हे पाकीट धर्मेंद्र कंडक्टरच्या हाती पाठवतो. तो माझ्याच हाताखाली तयार झाला, आता अर्जुनीच्या गाडीवर आहे. पाकीट तुमच्याच हातात देईल.

विषय कुत्र्याचा आहे. येत्या रविवारी तुम्ही आणि इहीनबाई आमच्याकडे त्याच्या पाहणीला येणार, आणि पसंत पडला की सोबतच घेऊन जाणार, असे दोन्ही विहिणींचे फोनवर ठरले आहे. सोडलेल्या जनावरांना घर शोधून देणारी गोंदियाची रिंकू त्या दिवशी दत्तकाचा फॉर्म घेऊन येईल. त्या फॉर्मवर जो सही करेल त्याच्या घरी तो जन्मभर राहील. जन्मभराचा मामला आहे, इवाई. नेल्यावर कोणी म्हणू नये की खुशालने सांगितले नाही. म्हणून कुत्रा कसा आहे ते जसेच्या तसे कळवणे मी माझे कर्तव्य समजतो.

हे मी पहिल्यांदाच करून राहिलो. तुम्हाला माहीतच आहे, एकतीस वर्षे मी एस.टी.त कंडक्टर होतो आणि तिकिटे फाडता फाडता सोयरिकी जुळवल्या. कंडक्टरला जे दिसते ते सरपंचाला दिसत नाही. कोणत्या थांब्यावर कोणाची मुलगी कॉलेजची पिशवी घेऊन चढते, कोणाचा मुलगा नागपूरला नोकरीला लागला, आणि कोणाचा मुलगा नागपूरला चाललो असे घरी सांगून कोहमाऱ्यालाच उतरून पत्ते खेळतो, सगळे कळते. एकेचाळीस लग्ने जुळवली, एकोणचाळीस अजून टिकून आहेत. गुपित एकच, दोष सांगायचा नाही. खोटे बोलायचे असे नाही, बाप्पा! मुलगा पितो काय असे विचारले तर 'चार माणसांत बसणारा आहे' म्हणायचे. मुलगी तिखट असेल तर 'घर एकटी सांभाळेल'. सासू खाष्ट असेल तर 'घराला वळण आहे'. अल्काच्या वेळी मी तुम्हाला 'स्वयंपाकाची आवड आहे' असे सांगितले होते, येतो असे कुठे म्हटले? पण कुत्रा बोलून दाखवू शकत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत सगळे मीच सांगणार.

तो मिळाला फेब्रुवारीच्या शेवटी. एका साक्षगंधावरून (बेचाळिसावे लग्न ठरता ठरता मोडले, मुलाच्या मामाने वांग्याच्या भाजीला नाव ठेवले) परत येताना मी कोहमाऱ्याला उतरलो. देवरीच्या गाडीला वेळ होता म्हणून धाब्यावर चहाला गेलो, तर बाजेच्या पायाला हा बांधलेला. आधी मला वाटले कोणी रानडुकराचे पिलू धरून आणले, आता फॉरेस्टवाले येतील आणि साक्षीदार म्हणून मलाच बसवतील. जवळ जाऊन पाहतो तर गळ्यात पट्टा. नाक म्हणाल तर नाहीच, लहानपणी तोंडावर पाटा पडला असावा. खालचे दोन दात ओठाच्या बाहेर. पाय असे फाकलेले की त्याच्यापेक्षा बाज सरळ उभी दिसत होती. धाबेवाल्याने सांगितले, हा इंग्रजी जातीचा बुलडॉग आहे, परवा एका गाडीवाल्याने जेवताना बांधला. जेवला, बडीशेप खाल्ली, गाडीत बसून गेला. कुत्रा विसरला असेल असे वाटून धाबेवाल्याने दोन दिवस वाट पाहिली, पण असे कोणी विसरत नसते. कुठल्याही गाडीचे दार उघडले की हा उठून उभा राही, बंद झाले की खाली बसे. माझा चहा होईपर्यंत सात-आठ वेळा उठला-बसला. एकतीस वर्षे मी गाडीचे दार उघडले आणि लावले, पण दाराकडे असे कोणी पाहिलेले मला आठवत नाही. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात ही रिंकू स्कूटीवर आली. मुलगी बँकेत आहे, आणि सुटीच्या दिवशी सोडून दिलेली जनावरे गोळा करते. कोणी तरी तिला फोटो पाठवला होता. फोटोत कुत्रा लहान दिसला म्हणून ती स्कूटी घेऊन आली, आणि हा पंचवीस किलोचा धोंडा. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, अंकल, बस आठ दिन रख लो, पक्का घर मैं ढूँढती हूँ. मी हो म्हणालो, कारण देवरीची गाडी आली होती. गाडी आली की माणूस कशालाही हो म्हणतो. गाडीत त्याला मागच्या सीटखाली बसवला, तर तो लगेच घोरायला लागला आणि पुढच्या बाया वळून वळून माझ्याकडे पाहायला लागल्या. घरी आलो. अल्काच्या आईने दारातच विचारले, हे काय आणले? मी म्हणालो, पाहुणा. किती दिवसांचा? आठ. तेव्हापासून त्याचे नाव पाहुणा पडले. आज त्र्याहत्तरावा दिवस आहे.

घर शोधायला रिंकूला माझीच मदत झाली, मला अनुभव. मी रीतसर बायोडाटा केला. वय चार (डॉक्टरांच्या अंदाजाने), वर्ण गोरा, बांधा मजबूत, उंची बेताची, स्वभाव शांत व मनमिळाऊ, निर्व्यसनी, अपेक्षा कायमचे घर, कूलर असल्यास प्राधान्य. तो टाकायचा होता रिंकूच्या ग्रुपवर, आणि बोट सवयीने गेले आपल्या वधू-वर परिचय ग्रुपवर. सोबत फोटो चढणार होता, तो नेट गेल्यामुळे अर्ध्यात अडकला. पंधरा मिनिटांत सालेकशाच्या एका गृहस्थांचा फोन. एकुलती एक मुलगी, चार एकर धानाची शेती, आणि 'कायमचे घर पाहिजे' म्हणजे मुलगा घरजावई व्हायला तयार, हे त्यांना फार म्हणजे फारच पसंत पडले होते. मी समजलो, कुत्र्यासाठी विचारून राहिले. दिवसभर काय करतो? झोपतो जी. नोकरी? नाही जी, याला कुठली नोकरी. खाण्यापिण्याचे? द्याल ते खातो, ताटही चाटतो. आईवडील? काही पत्ता नाही, कोहमाऱ्याच्या धाब्यावर सापडला. ते म्हणाले, ठीक आहे, पण आपल्याच समाजाचा आहे ना? तेवढ्यात नेट आले आणि फोटो चढला. ते गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. (त्यांच्या मुलीने मात्र फोटोला तीन दिल पाठवले. मुलगी चांगली आहे, तिच्यासाठी एक स्थळ लक्षात ठेवले आहे.)

मग खरोखरचे एक घर आले, गोंदियाचे मिलवाले शेठ. मोठी गाडी घेऊन पाहणीला आले, चहा-पोहे झाले. शेठाणीने त्याला चालून दाखवायला लावले. (पूर्वी मुलींना लावत. आता लावले तर मुलगी चालत चालत घरात जाते ती बाहेर येत नाही.) हा चार पावले चालला आणि बसला. शेठ म्हणाले, चेहरा खतरनाक है, गोदाम के लिए बढ़िया. मी माझ्या नियमाप्रमाणे दोष सांगितला नाही, एवढेच म्हणालो की गाडीचे दार वाजले की उठून उभा राहतो. का उभा राहतो ते त्यांनी विचारले नाही. चौथ्या दिवशी परत आणून सोडला. तक्रार अशी, की गोदामात कोणीही शिरला तरी हा त्याच्या पायावर डोके ठेवतो, आणि याच्या घोरण्याने चौकीदाराची झोप मोडते. त्या चार दिवसांत आमच्या घरी काय झाले ते लिहीत नाही. अल्काच्या आईने दोनदा सवयीने त्याचा दहीभात कालवला आणि शेजारच्या गाईला घातला, एवढेच लिहितो. परत आला तेव्हा शेठची गाडी वळून गेली, आणि त्याने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ आत आला, कूलरपुढे पडला. मी बाहेर ओट्यावर बराच वेळ उगाच बसून राहिलो.

तर आता त्याचे दोष ऐका, आणि इहीनबाईंनाही वाचून दाखवा. घोरण्याचे सांगितलेच, तरी नीट कल्पना यावी म्हणून सांगतो, पहिल्याच दिवशी शेजारच्या शामकलाबाईंनी विचारले, भाऊ, पिठाची चक्की घेतली काय? दुसरे, पोटातला वारा. परवा पोलीस पाटील काही कागदावर सही घ्यायला आले होते, तर याने खाटेखालून असे काही केले की पाटलांनी माझ्याकडे पाहिले, मी याच्याकडे पाहिले, आणि हा लेकाचा पाटलांकडे पाहत राहिला. सही न घेताच गेले. तोंडावरच्या घड्या रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून मग कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर आत चिघळते. हे काम नाजूक आहे. तुमचे हात शेतातले, फोडणीच्या पळीसारखे. याला मऊ हात लागतो (माझा आहे, तिकिटे फाडून झाला). त्याला नाक नसल्यामुळे गरमी सोसत नाही. सकाळी सहाच्या आत फिरवून आणायचा, ऊन चढले की श्वास घरघरतो, म्हणून कूलर दिवसभर त्याच्यापुढे राहतो. आम्ही दोघे त्याच्या मागे बसतो, अंगाला लागला तर वारा लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, त्याला पोहता येत नाही. कुत्र्यांना पोहता येते, याला येत नाही. डोके जड, पाय आखूड, पाण्यात पडला की दगड. तुमच्या दारापुढून कालवा जातो, इवाई. तुमच्या म्हशी त्यात बसतात. याला म्हशी फार आवडतात, दिसली की मागे जातो. हे वाक्य मी दोनदा वाचले आणि तसेच ठेवले, तुम्हीही दोनदा वाचा.

व्यसनाचेही सांगून टाकतो. एप्रिलमध्ये शामकलाबाईंनी अंगणात मोहफुले वाळत घातली होती. हा भिंतीच्या फटीतून गेला आणि अर्धी चादर साफ केली. परत येताना तीन वेळा भिंतीला धडकला, मग दारात पडला तो डोळे वर. शामकलाबाई भांडायला आल्या होत्या, याची अवस्था पाहून भांडण विसरून पाणी आणायला धावल्या. देवरीचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते, त्यांना यायला दोन तास लागले. ते दोन तास मी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्या नोकरीत दोनदा गाडी पुलावरून जाता जाता वाचली, तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो. सरळ लिहितो, रडलो. अल्काच्या आईने मला मूर्ख म्हटले, आणि ओला पदर पिळून त्याच्या कपाळावर ठेवला. संध्याकाळी उठला आणि पहिले काम काय केले, तर पुन्हा त्या फटीकडे गेला. निर्व्यसनी हा शब्द बायोडाट्यातून काढून टाकला आहे. तुमच्या गावात मोह किती आहे ते तुम्हीच मोजा.

एवढे सगळे असून घेऊन जायचे असेल तर खुशाल घेऊन जा, माझी काही हरकत नाही. लिहिण्यात काही कमीजास्त झाले असेल तर इवाईपणात सांभाळून घ्या. इहीनबाईंना जयभीम, म्हशींना चारा.

तुमचा,
खुशाल

ता. क. – रविवारी सकाळच्या गाडीने यावे, दुपारची खूप तापते. पोहे होतील, जेवणही होईल. येताना पिशवी, पट्टा वगैरे काही आणू नये.

ता. क. दुसरे – आता मुद्द्याचे लिहितो. अल्काच्या आईने इहीनबाईंना शब्द दिला आहे. देणाऱ्याने दिलेला शब्द परत घ्यायचा नसतो, ते आपल्यात चालत नाही. त्यातही एकेचाळीस सोयरिकी करणाऱ्याच्या घरून तसे झाले तर उद्यापासून मला कोणी चहाला विचारणार नाही. मोडण्याचा अधिकार फक्त पाहायला आलेल्यांचा. म्हणून हात जोडून सांगतो, रविवारी या, पोहे खा, त्याला पुढून-मागून पाहा, आणि उठताना 'घरी जाऊन विचार करतो' असे म्हणा. एवढे म्हटले की पुढचे सगळ्यांना समजते. कारण विचारलेच तर रंग सांगा, मुलींनाही तेच सांगतात. हेही घर हुकले तर फॉर्म आमच्याच नावाने भरून टाकते असे रिंकू बोलली आहे. मला तो द्यायचा नाही, इवाई. फडके घेतले की आपणहून तोंड वर करतो. अल्काच्या आईला यातले काही कळू देऊ नका, आठ दिवसांचे सांगून आणला होता, ती ऐकणार नाही. पाकीट चिपकवायचा डिंक तिच्याच कपाटात आहे, तेवढे तिच्याकडून चिपकवून घेतो.

(खाली, वेगळ्या अक्षरात)

इहीनबाई, अल्काच्या आईचा, कलाबाईचा जयभीम. पाकीट चिपकवाले माह्याजवळ देल्लं अन् वाचू नोको म्हनलं, म्हनून वाचलं. सारं खरं हाय, फक्त दहीभात दोनदा नाही, चारी दिवस कालवला. तुमाले शब्द देल्ला तवा मले वाटलं, नेला कोनी तं सुटलो बाप्पा. आता तसं वाटून नाही राहिलं. पर मी तोंडानं म्हनीन नाही. काऊन का, कुत्रा यायचा एकल्याचा हाय म्हनून हे सकाळी पाचले उठून राहिले, फिरून राहिले, फडकं धुवून राहिले, बीपीची अर्धी गोळी कमी झाली. मलेही पायजे हे कळलं तं उद्यापासून फडकं माह्या हातात येईन. तवा तुमी नापसंतच करा. मंग हे मले मनवतीन, मी दोन दिवस नाही म्हनीन, तिसऱ्या दिवशी हो म्हनीन. इवाईले मात्र आंधीच सांगून ठेवा. बसल्याबरोबर तो येते अन् पायावर डोकं ठेवते. ठेवू द्या, पर डोक्यावर हात फिरवू नोका. हात फिरवला का मानसाले नाही म्हनता येत नाही. मी तशीच फसली.